जॅस्पर डेटाबेस: फुकट आहे, भरवशाचा आहे, फक्त त्याच्या स्कॅनला शेवटचा शब्द मानू नका

ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणजे डीएनएला चिकटून जीन चालू-बंद करणारं प्रोटीन, हे वाक्य आपल्याकडे बारावीपासून एमएस्सीपर्यंत पोरं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि मार्क घेऊन मोकळी होतात. पण ते प्रोटीन चिकटतं नेमकं कुठे, एवढ्या लांबलचक डीएनएमध्ये त्याला आपली जागा सापडते कशी, आणि त्या जागेतलं एक अक्षर बदललं तर काय होतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर जॅस्पर नावाची वेबसाइट आहे तिला तोड नाही. मी विदर्भात कॉलेजला मॉलिक्युलर बायोलॉजी शिकवते, जीन रेग्युलेशनचं युनिट आलं की प्रॅक्टिकलला हीच साइट उघडते, त्यामुळे हा रिव्ह्यू शिकवणारीच्या नजरेतून आहे, रिसर्चवाल्यांना यातलं बरंच आधीच माहीत असेल. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली सविस्तर सांगते कारण तोच भाग जास्त महत्त्वाचा आहे.

आधी साइट काय आहे ते. २००४ साली अल्बिन सँडेलिन, वायेथ वॉसरमन, बोरिस लेनहार्ड वगैरे मंडळींनी ही सुरू केली तेव्हा त्यात फक्त १११ प्रोफाइल होत्या, आता कोअर म्हणजे मुख्य कलेक्शनमध्येच दोन हजारांच्या वर आहेत. माणूस-उंदीर वगैरे पाठीचा कणा असलेले प्राणी, वनस्पती, कीटक, बुरशी, सूत्रकृमी असे वेगवेगळे गट केलेत. एक प्रोफाइल म्हणजे एका ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरची डीएनएमधली आवड, म्हणजे त्याला कुठली अक्षरं कुठल्या क्रमाने आवडतात त्याचा तक्ता. प्रत्येक प्रोफाइल माणसांनी तपासून, मूळ प्रयोग कुठला होता ते बघून मगच आत घेतलेली असते, आणि ज्यांना दुसरा स्वतंत्र पुरावा मिळाला नाही त्या २०२० पासून वेगळ्या 'अनव्हॅलिडेटेड' कलेक्शनमध्ये ठेवतात, हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. आणि हे सगळं फुकट, लॉगिन नाही, ईमेल मागत नाहीत, सगळा डेटा डाउनलोड करा, वापरा. याच कामाचा ट्रान्सफॅक नावाचा जुना डेटाबेस आहे पण त्याचं पूर्ण व्हर्जन पैसे भरून लायसन घेतल्याशिवाय मिळत नाही. आमच्यासारख्या कॉलेजांना असली लायसन्स परवडत नाहीत हे वेगळं सांगायला नको, म्हणून जॅस्पर नसतं तर हे प्रॅक्टिकल झालंच नसतं असं मी सरळ म्हणेन.

आता प्रत्यक्ष उघडून बघू. सर्चमध्ये गाटा-१ टाका (लाल रक्तपेशी बनवण्यात कामाला येणारा फॅक्टर), आयडी एमए००३५ असलेली प्रोफाइल येते, टिंबानंतर जो आकडा असतो तो व्हर्जनचा, सगळ्यात मोठा आकडा म्हणजे सगळ्यात नवीन. पानावर वर त्या फॅक्टरचा क्लास आणि फॅमिली (हा 'झिंक फिंगर' नावाच्या घडणीच्या प्रोटीनांपैकी आहे), कुठल्या प्राण्यातला, कुठल्या प्रयोगातून माहिती आली, मूळ पेपरची लिंक, आणि मोठ्ठा रंगीत लोगो. त्याच्यासोबत फ्रीक्वेन्सी मॅट्रिक्स. ही मॅट्रिक्स पोरांना आधी घाबरवते पण त्यात अवघड काहीच नाही, चार ओळी आहेत ए सी जी टी च्या, आणि प्रत्येक रकाना म्हणजे एक जागा. प्रयोगात हा फॅक्टर जिथे जिथे चिकटलेला सापडला ते सगळे तुकडे एकाखाली एक रचले आणि प्रत्येक जागेवर कुठलं अक्षर किती वेळा आलं ते मोजलं, संपलं. ज्या जागेवर जवळजवळ नेहमी एकच अक्षर येतं तिथे लोगोमधलं अक्षर उंच होतं, जास्तीत जास्त दोन बिट (बिट हे त्या उंचीचं माप), आणि जिथे काहीही चालतं तिथे अक्षरं चपटी होऊन तळाशी बसतात. गाटा-१ ला जी ए टी ए ही चार अक्षरं हवीच असतात, त्याच्या आधी ए किंवा टी, नंतर बहुतेक वेळा ए. लोगोमध्ये टी टी ए टी सी असं काहीतरी दिसलं तर गोंधळू नका, तो समोरच्या साखळीवरून वाचलेला तोच शब्द आहे, शेजारी रिव्हर्स कॉम्प्लिमेंटचं बटण आहे ते दाबा म्हणजे सरळ दिसेल. माझ्या अनुभवात दोन साखळ्यांची ही भानगड फळ्यावर तासभर समजावूनही डोक्यात जात नाही आणि हे बटण चार वेळा दाबलं की जाते.

गाटा-१ च का घेते तर आमच्याकडे सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया इकडची पोरं वर्गात असतात, एएस पॅटर्न (वाहक), एसएस पॅटर्न (आजारी) हे शब्द त्यांना माझ्या आधीपासून माहीत असतात, घरात कुणाचं तरी सिकलसेलचं कार्ड असतं, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या माहीत असतात. बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये जी ए जी चं जी टी जी झालं की सिकल हिमोग्लोबिन तयार होतं हेही ती धडाधड सांगतात. पण एसएस पॅटर्नच्या बाळाला पहिले काही महिने त्रास का होत नाही हे विचारलं की वर्ग शांत. त्याचं उत्तर ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरमध्ये आहे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाच्या जागी गॅमा ग्लोबिन असतं, गॅमाची जीन ठणठणीत असते त्यामुळे सिकलिंग होत नाही, आणि जन्माच्या आसपास ही गॅमाची जीन हळूहळू बंद होऊन बीटाची जीन जोरात सुरू होते. हे बंद करण्याचं मुख्य काम बीसीएल११ए नावाचा फॅक्टर करतो, २००८ मध्ये विजय संकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या कामातून ते नक्की झालं. म्हणजे जीन तीच, डीएनए तोच, फक्त कुठला फॅक्टर कधी कामावर आहे त्यावर रक्तातलं हिमोग्लोबिन ठरतं. डेव्हलपमेंट म्हणजे काय याचं याहून जवळचं उदाहरण आमच्या पोरांसाठी नाही.

मग साहजिकच कुणाच्याही डोक्यात येतं की हा बीसीएल११ए च मारून टाका, गॅमा परत सुरू होईल. पण तसं करता येत नाही, कारण तोच फॅक्टर मेंदूच्या पेशींना लागतो, रोगप्रतिकारक बी पेशींना लागतो, रक्ताच्या स्टेम सेलना (मूळपेशींना) पण लागतो. इथे खरी गंमत आहे. बीसीएल११ए ची स्वतःची जीन चालू ठेवायला डीएनएमध्ये एन्हान्सर आहेत, म्हणजे फॅक्टर बसून जीनचा जोर वाढवतात ते तुकडे, आणि लाल पेशी तयार होताना वापरला जाणारा एन्हान्सर जीनच्याच दुसऱ्या इंट्रॉनमध्ये (जीनमधल्या, प्रोटीनचा मजकूर नसलेल्या तुकड्यात) आहे, २०१३ मध्ये तो सापडला. तो एन्हान्सर चालू करतो कोण, तर गाटा-१. म्हणजे ती एकच गाटा-१ ची जागा मोडली तर फक्त लाल पेशींच्या वंशात बीसीएल११ए कमी होतो, बाकी शरीरात त्याला धक्का लागत नाही. कॅसजेव्ही हे जे क्रिस्परवालं (डीएनए ठरवलेल्या जागी कापण्याचं तंत्र वापरणारं) औषध नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी मंजूर झालं ते हेच करतं.

आता जॅस्पर काय कामाला येतं बघा. क्रिस्परचा गाइड, म्हणजे कात्रीला जागा दाखवणारा आरएनए, डीएनएवर जिथे बसतो ती वीस अक्षरं अशी आहेत: सी टी ए ए सी ए जी टी टी जी सी टी टी टी टी ए टी सी ए सी, आणि त्याच्या पुढे ए जी जी. ही तेवीस अक्षरं फास्टा फॉरमॅटमध्ये (वर नावाची ओळ, खाली अक्षरं) स्कॅनच्या खिडकीत टाका, स्कॅन म्हणजे दिलेल्या डीएनएमध्ये प्रोफाइलशी जुळणाऱ्या जागा शोधणं, कार्टमध्ये गाटा-१ ची प्रोफाइल घ्या (साइटवर खरंच कार्ट आहे, हव्या त्या प्रोफाइल गोळा करून एकदम स्कॅन करता येतात), आणि बटण दाबा. गाटाची जागा उलट्या साखळीवर मिळते, टी टी ए टी सी ए म्हणजे दुसऱ्या बाजूने टी जी ए टी ए ए. आता पोरांना सांगा की कास-९ ही कात्री ए जी जी च्या तीन अक्षरं आधी कापते, मोजा. मोजलं की काप येतो टी टी ए टी आणि सी ए यांच्या मध्ये, बरोबर गाटाच्या शब्दाच्या आत. पेशी तो काप सांधताना एकदोन अक्षरं घालते किंवा काढते आणि गाटा-१ ला तिथे पकडायला काही राहत नाही. कोट्यवधी रुपयांचं औषध (२०२३ मध्ये अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती) आणि त्याचा सगळा भार या सहा अक्षरांवर आहे, आणि हे गडचिरोलीच्या पोरीला कॉलेजच्या कॉम्प्युटरवर फुकटात स्वतः बोट ठेवून बघता येतं. औषध तिच्या गावापर्यंत कधी पोचेल हा प्रश्न वेगळा आणि फार मोठा, त्यात केमो द्यावी लागते, स्टेम सेल काढून बाहेर एडिट करून परत घालाव्या लागतात, साधं काम नाही. पण निदान ते काम कसं करतं ते तिला पूर्ण कळलंय.

याच प्रोफाइलवर दुसरा छोटा प्रयोग करायला देते तो डफीचा. लाल पेशीवर डफी नावाचं प्रोटीन असतं, व्हायव्हॅक्स मलेरियाचा परजीवी तेच धरून आत शिरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या जवळजवळ सगळ्या लोकांच्या लाल पेशींवर ते नसतं, आणि त्याचं कारण जीन तुटलेली नाही, जीनच्या आधीच्या प्रोमोटरमध्ये (जीन वाचायला जिथून सुरुवात होते त्या भागात) गाटाच्या जागेतलं एक टी बदलून सी झालंय, सी टी टी ए टी सी टी टी चं सी टी टी ए सी सी टी टी. दोन्ही टाकून स्कॅन केलं की पहिल्याला जो चांगला स्कोअर येतो तो दुसऱ्याला कोसळतो. आणि बाकीच्या अवयवांमध्ये डफी व्यवस्थित तयार होतं, कारण तिथे गाटा-१ चं कामच नसतं. १९९५ चं काम आहे हे, अजूनही शिकवायला इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळत नाही.

आता अर्धा स्टार. स्कॅन करताना डिफॉल्ट थ्रेशोल्ड, म्हणजे शब्द किमान किती जुळला तर जागा दाखवायची ती मर्यादा, ८० टक्के असतो, आणि पोरं काय करतात, हजार-दोन हजार अक्षरांचा एक प्रोमोटर टाकतात, कार्टमध्ये दिसतील त्या सगळ्या प्रोफाइल घेतात, शेकड्यांनी जागा मिळतात, आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहून टाकतात की या जीनवर अमुक तमुक फॅक्टरचं नियंत्रण आहे. असले प्रोजेक्ट एक्स्टर्नल म्हणून गेले की सर्रास बघायला मिळतात आणि जीव तुटतो. साधा हिशोब करा. गाटाचा शब्द सहा अक्षरांचा धरला, पहिल्या जागेवर ए किंवा टी आणि बाकी पाच ठरलेली, तर नुसत्या योगायोगाने दर २०४८ जागांमागे एक, दोन्ही साखळ्या धरल्या तर १०२४ मागे एक. माणसाचा जीनोम ३१० कोटी अक्षरांचा, म्हणजे तीस लाखांच्या आसपास जागा अशाच पडून आहेत. प्रत्यक्ष लाल पेशींच्या वंशात गाटा-१ कुठे बसलाय हे मोजलं तर गाटाच्या शब्दांपैकी एक टक्क्याहूनही कमी जागा भरलेल्या निघतात. बाकी सगळ्या रिकाम्या. म्हणजे शब्द असणं हे गरजेचं आहे पण पुरेसं अजिबात नाही.

आणि हे काही जॅस्परवाल्यांनी लपवलेलं नाही, उलट वॉसरमन आणि सँडेलिन यांनीच २००४ मध्ये, म्हणजे साइट सुरू केली त्याच वर्षी, लिहून ठेवलंय की अशा पद्धतीने भाकीत केलेल्या जवळजवळ सगळ्या जागांना पेशीत काही काम नसतं, त्याला त्यांनी नावच दिलं 'फ्युटिलिटी थिअरम'. माझी इच्छा एवढीच आहे की हे वाक्य स्कॅनच्या निकालाच्या पानावर वर मोठ्या अक्षरात असावं. नवशिक्याला स्कोअर ०.९५ दिसला की तो ९५ टक्के खात्री समजतो, तसं नाही, तो फक्त शब्द किती जुळला त्याचा आकडा आहे.

मग फॅक्टरला खरी जागा कळते कशी? एक म्हणजे बराचसा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनांवर गुंडाळून बंद असतो, तिथे बहुतेक फॅक्टर पोचूच शकत नाहीत, फॉक्सए किंवा गाटा कुटुंबातले काही 'पायोनियर' फॅक्टर बंद डीएनएवरही बसून तो उघडायला सुरुवात करतात आणि मग बाकीचे येतात. दुसरं म्हणजे एकटा फॅक्टर फार काही करत नाही. हे दुसरं जॅस्परमध्येच दाखवता येतं, एमए०१४० उघडा, ती गाटा-१ आणि टाल-१ या दुसऱ्या फॅक्टरची जोडीची प्रोफाइल आहे, लोगोमध्ये एका टोकाला गाटाचा शब्द, मध्ये काही चपटी जागा, आणि दुसऱ्या टोकाला टाल-१ च्या शब्दाचा अर्धा भाग. दोन शब्द आणि त्यांच्यातलं अंतर ठरलेलं. लाल पेशींच्या बऱ्याच एन्हान्सरमध्ये ही जोडी सापडते. असा जोडशब्द योगायोगाने येण्याची शक्यता एकदम खाली येते हे पोरांनी स्वतः गुणाकार करून काढावं.

कुटुंबातल्या फॅक्टरांचं दुखणं वेगळंच आहे. गाटा-१ पासून गाटा-६ पर्यंत सहाही प्रोफाइल शेजारी ठेवा, लोगो जवळपास सारखेच, पण गाटा-१ रक्त बनवतो आणि गाटा-४ हृदय. हॉक्स जीन तर विचारू नका, माणसात ३९ आहेत, डोक्यापासून खालपर्यंत शरीराचा कुठला भाग काय होणार ते ठरवतात, आणि बहुतेकांचा लोगो टी ए ए टी च्याच आसपास फिरतो. नुसता लोगो बघून मान आणि कंबर यातला फरक कळणार नाही. पीबीएक्ससारखा जोडीदार फॅक्टर सोबत असला की त्यांची आवड थोडी वेगळी होते, तेव्हा भेद दिसायला लागतो. शिवाय मॅट्रिक्समध्ये प्रत्येक जागा स्वतंत्र धरलेली असते, शेजारच्या अक्षराचा एकमेकांवर परिणाम त्यात येत नाही. हा या साइटचा दोष नाही, पद्धतीची मर्यादा आहे, पण वापरणाऱ्याला माहीत पाहिजे.

इतकं सगळं बोलून झाल्यावर पण एक शब्द किती जड असू शकतो त्याचं सापाचं उदाहरण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गर्भात हात-पाय फुटतात त्या कळीत सोनिक हेजहॉग नावाची जीन चालू करणारा एन्हान्सर जीनपासून जवळजवळ दहा लाख अक्षरं लांब बसलेला आहे, दुसऱ्याच एका जीनच्या इंट्रॉनमध्ये. त्यात माणसामध्ये एखादं अक्षर बदललं तर अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट येऊ शकतं. सापांमध्ये हा एन्हान्सर आहे पण बिघडलेला. २०१६ मध्ये उंदराचा हा एन्हान्सर काढून त्याच्या जागी सापाचा बसवला तर उंदराचे पाय अगदी खुरटले. मग त्या सापाच्या एन्हान्सरमध्ये गळालेली १७ अक्षरं परत घातली, ज्यात ईटीएस-१ या फॅक्टरची जागा होती, आणि उंदराला नीट पाय आले. ईटीएस-१ ची प्रोफाइल जॅस्परवर आहे, लोगोच्या मधोमध जी जी ए ए उंच उभे दिसतात, तो लोगो दाखवत हा प्रयोग सांगितला की शेवटच्या बाकावरची पोरं पण मोबाइल खाली ठेवतात.

वापराच्या दोन-चार गोष्टी. रिपोर्टमध्ये प्रोफाइलचा आयडी टिंबानंतरच्या आकड्यासकट लिहा, कारण नवीन रिलीजमध्ये मॅट्रिक्स बदलते आणि मग तुमचा स्कोअर दुसऱ्याला जुळत नाही. सगळ्या प्रोफाइल मीम (एमईएमई) फॉरमॅटमध्ये एकदा डाउनलोड करून लॅबच्या कॉम्प्युटरवर ठेवल्या तर नेट गेलं तरी काम अडत नाही, पायथनमध्ये प्रोग्रामिंग येत असेल तर बायोपायथनमधून सरळ वाचता येतात. मोबाइलवर लोगो बघायला ठीक आहे, स्कॅन मात्र कॉम्प्युटरवरच करा. साइट अर्थातच पूर्ण इंग्रजीत आहे, पण शब्द मोजके आहेत, एकदा कुणी शेजारी बसून दाखवलं की भाषेची अडचण राहत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्कॅनमध्ये जागा मिळाली की तिथेच थांबू नका, यूसीएससीच्या जीनोम ब्राउझरवर (अख्खा जीनोम नकाशासारखा दाखवणारी साइट) जॅस्परचा ट्रॅक आहे तो चालू करा, सोबत एनकोड या प्रकल्पाच्या प्रयोगांचा ट्रॅक लावा, म्हणजे ती जागा कुठल्या पेशीत उघडी आहे का आणि तिथे खरंच काही बसलेलं सापडलंय का ते बघता येतं. शब्द जुळतो, डीएनए उघडा आहे, फॅक्टर बसलेला मोजलाय, या तिन्ही गोष्टी असतील तर रिपोर्टमध्ये ती जागा लिहायला हरकत नाही, आणि ती जागा मोडल्यावर जीनचं काय होतं हे कुणी दाखवलेलं असेल तर बिनधास्त लिहा.

फक्त माणूस-उंदीर एवढंच बघायचं असेल तर होकोमोको हा पण चांगला पर्याय आहे, आणि एखाद्या कमी अभ्यासलेल्या जिवाचा फॅक्टर हवा असेल तर सिस-बीपी बघा, तिथे नातलग फॅक्टरवरून अंदाज बांधलेले असतात त्यामुळे संख्या मोठी पण पारख तुम्हाला करावी लागते. शिकायला सुरुवात करणाऱ्याने मात्र जॅस्परवरच यावं, इथे माल कमी असला तरी निवडलेला आहे.

गाटा-१ झाल्यावर पुढे काय उघडायचं असं विचाराल तर जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांचे चार फॅक्टर घ्या, ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक, २००६ मध्ये याच चारांनी उंदराच्या साध्या त्वचेच्या पेशीला परत स्टेम सेलसारखं केलं होतं आणि २०१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. चौघांच्याही प्रोफाइल आहेत, ऑक्ट४ शोधताना पीओयू५एफ१ हे नाव टाका नाहीतर गोंधळ होतो, आणि एमए०१४२ वर ऑक्ट४-सॉक्स२ ची जोडी एकाच लोगोत दिसते. दोन्ही शब्द एकमेकांना अगदी खेटून बसलेत, गाटा-टालसारखं मध्ये अंतर नाही, ते का असेल यावर यंदा माझ्या एमएस्सीच्या पोरांना असाइनमेंट दिली आहे.